विसातली सोळा

४ फेब्रुवारी, मंगळवार

रक्तदाब १४८/९४. रोज लिहून ठेवा असं डॉक्टर म्हणाले, म्हणून ही डायरी आणली. एवढ्या मोठ्या पानावर दोनच आकडे लिहायचे म्हणजे हॉल बुक करून दोघांनी चहा पिण्यासारखं आहे. म्हणून खाली थोडं लिहितो. डॉक्टर वाचतील ही भीती नाही. ते स्वतःचं लिहिलेलंही वाचत नाहीत.

आज दुकानात एका आजोबांच्या नाकावर फ्रेम बसवत होतो. आजोबांचं नाक एका बाजूला कललेलं, फ्रेम दुसऱ्या. तेवढ्यात फोन वाजला. पलीकडे कोणी मुलगी.

"सर, तुम्ही 'शिळा सूर्य'मध्ये बास वाजवायचात ना?"

मी आधी मागे वळून पाहिलं. सव्वीस वर्षांत हा प्रश्न मला कोणी विचारला नव्हता. त्याआधी बॅंड जोरात होता तेव्हाही फारसं कोणी विचारत नव्हतं.

"वाजवायचो," मी म्हटलं. "का? काही तक्रार आहे?"

तक्रार नव्हती. तिची कंपनी आमच्या गाजलेल्या गाण्यांचा संग्रह काढतेय. दोन तबकड्या, जाड कव्हर, आत पुस्तिका. तबकड्या म्हणजे खरोखरच्या, काळ्या, सुई लावायच्या. आमच्या वेळी कॅसेट जिवंत होती आणि तबकडी मेलेली. आता कॅसेट मेली आणि तबकडी उठून बसली. आमच्या बाबतीतही कंपनीची अशीच काहीतरी समजूत झालेली दिसते.

"कोण होतं?" आजोबांनी विचारलं.

"तरुणपणी एक चूक केली होती. ती आता जपून ठेवण्यासारखी आहे म्हणतात."

"बरं," आजोबा म्हणाले. "डाव्या कानामागे टोचतंय."

८ फेब्रुवारी, शनिवार

१५०/९२. लिफ्टमुळे.

कंपनीच्या ऑफिसात चौघं अकरा वर्षांनी भेटलो. मागच्या वेळी भेटलो होतो ते बाईच्या, म्हणजे आमच्या गिटारवालीच्या, वडिलांना स्मशानात पोचवायला. लिफ्टमध्ये शिरलो आणि वरून धीरगंभीर आवाज आला, "पाचवा मजला. दरवाजा उघडत आहे." आवाज राजेचा. आणि राजे आमच्या शेजारी उभा, जमिनीकडे बघत. हा आमचा गायक. कार्यक्रमाला सगळ्यात शेवटी यायचा म्हणून राजे. ज्या आवाजावर पोरी रडायच्या तो आवाज आता अर्ध्या शहराच्या लिफ्टमध्ये मजले मोजतो.

"वा," ढोल्या म्हणाला, "इथेही वरच जायचं म्हणतोस."

ढोल्या ड्रम्स वाजवायचा. आता लोकांची स्वयंपाकघरं बनवतो. कपाटं, खण, सरकती दारं. तिसरी बाई. बॅंडमधली एकुलती एक मुलगी, गिटार तिच्याकडे. सगळ्यांना दटावायची म्हणून तेव्हा चिडवायला बाई म्हणायचो. आता ती माध्यमिक शाळेत गणित शिकवते आणि अख्खी शाळा तिला बाई म्हणते. मला टोपणनाव नव्हतं. बास वाजवणाऱ्याला नसतंच. "अरे ए" म्हटलं की मी वळायचो.

कंपनीच्या मुलीने समजावून सांगितलं. आमच्या कॅसेट दोन, प्रत्येकीत दहा, म्हणजे आयुष्यभराची गाणी वीस. संग्रहात घ्यायची सोळा.

"विसातली सोळा सर्वोत्कृष्ट?" राजे म्हणाला. "मग उरलेल्या चारांनी काय पाप केलं?"

"त्या चारांचाच संग्रह काढा," ढोल्या म्हणाला. "तो खपेल."

मग ती म्हणाली की कॅसेटवर 'गीत-संगीत : सगळे मिळून' असं छापलंय, ते आता चालणार नाही. या वेळी प्रत्येक गाण्याखाली ज्याचं त्याचं नाव येईल. सगळे मिळून, हे आम्ही विसाव्या वर्षी शपथ घेऊन ठरवलं होतं. तेव्हा आम्ही फार समतावादी होतो, कारण वाटून घ्यायला काहीच नव्हतं. बाईने तिथल्या तिथे हिशोब मांडला. राजेची नऊ, तिची सहा, ढोल्याची चार.

"आणि याचं एक," ढोल्या म्हणाला. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. आजारी माणसाकडे बघतात तसं.

एक. 'जिन्यावरचा दिवा'. दुसऱ्या कॅसेटमधलं शेवटचं. तिथपर्यंत लोक टेप बंद करून जेवायला बसलेले असायचे.

कुठली चार काढायची ते महिनाअखेर आम्हीच ठरवायचं. राजे म्हणाला, "चिठ्ठ्या!" आणि चौघंही हसलो, कितीतरी वर्षांनी एकदम, एकाच ठिकाणी.

माझं गाणं राहिलं काय आणि गेलं काय, मला फरक पडत नाही. हे इथे नोंदवून ठेवतो.

१२ फेब्रुवारी, बुधवार

लेकीने विचारलं, "बाबा, यातलं तू कुठलं लिहिलंस?"

"सगळे मिळून लिहायचो."

"म्हणजे एकही नाही," ती म्हणाली आणि निघून गेली. एकोणिसाव्या वर्षी माणसाला सगळं कळतं. बायको काउंटरमागे फ्रेमची काडी घट्ट करत होती. ती गालात हसली.

दुपारी गिऱ्हाईक नव्हतं. त्या दिवसांचा विचार करत बसलो. ढोल्याच्या काकांच्या गॅरेजमध्ये सराव चालायचा. भिंतींना जुन्या गाद्या टांगलेल्या, त्यांचा कापूस आमच्या केसांत. गॅरेजमध्ये पंखा नाही आणि आमच्या अंगात जाड चौकड्यांचे शर्ट. कारण आमच्यासारखी गाणी करणारे परदेशी लोक तसे शर्ट घालायचे. त्यांच्याकडे थंडी असते हे आमच्यापैकी कोणाच्याही लक्षात आलं नव्हतं. आमच्या संगीताला पर्यायी म्हणायचे. ज्यांना दुसरा पर्याय मिळायचा ते निघून जायचे. पण एकदा एका कॉलेजात वीज गेली, आणि सहाशे पोरांनी 'परतीचं तिकीट' अंधारात शेवटपर्यंत गायलं. माझ्या बासचा तर आवाजच बंद झालेला. तरी मी वाजवत होतो. त्या सहाशेंतली एकही पोर आता माझ्या ओळखीची नाही. सगळ्यांना जवळचं दिसेनासं झालं असेल, एवढं मात्र धंद्याच्या अनुभवावरून सांगतो.

'जिन्यावरचा दिवा' त्याच सुमाराचं. बायको तेव्हा बायको नव्हती. मी तिला सोडायला तिच्या बिल्डिंगपर्यंत जायचो. जिन्यावर बटणाचा दिवा होता. दाबलं की एक मिनिट लागायचा, आत टिकटिक, मग खट, आणि अंधार. परत दाबायचं. कधी तिचं बोट, कधी माझं. जे बोलायचं असायचं ते दर वेळी खटपाशी येऊन अडायचं. एकदा पिशवीत टेपरेकॉर्डर लपवून नेला आणि ती टिकटिक भरून आणली. गाण्यात ड्रम नाहीत, तीच आहे.

हे तिला मी कधी सांगितलं नाही. आधी लाज वाटली. मग कॅसेट आली, आवाज राजेचा, त्यामुळे सगळ्यांनी गाणंही राजेचं धरलं. मग लग्न झालं, आणि लग्न झाल्यावर असल्या गोष्टी कोण सांगतं? भिंग घासताना ती अधूनमधून ते गुणगुणते. राजेचा सूर आहेच तसा चिकट.

१५ फेब्रुवारी, शनिवार

१५६/९६. कारणं खाली.

सकाळी ढोल्याचा फोन. "तुझ्या त्या गाण्यातली टिकटिक मिनिटाला किती होती रे?" मी म्हटलं, आठवत नाही. म्हणाला, "आठव." म्हणजे हा सांगणार की गाणं फार संथ आहे.

दुपारी बाई. "शेवटी तू जो सूर धरून ठेवतोस तो नक्की कुठला? मला तो कायम चुकल्यासारखा वाटायचा." वाटणारच. गणिताच्या माणसाला उत्तर लगेच लागतं.

संध्याकाळी राजे. "दुसरं कडवं सांग ना. मला पहिलंच येतंय." अठ्ठावीस वर्षांपूर्वी स्वतःच्या तोंडाने गायलेलं कडवं याला आठवत नाही. आणि 'परतीचं तिकीट' मात्र झोपेतून उठवलं तरी म्हणेल. मी म्हटलं, "मलाही आठवत नाही." खोटं. काना-मात्रेसकट आठवतं.

संथ, चुकीचा सूर, न आठवणारं कडवं. तिघांनी कामं वाटून घेतलीत. माझं गाणं काढायची तयारी चाललीय, आणि तीही माझ्याकडूनच माहिती घेऊन.

बायको म्हणाली, "जुने मित्र आहेत, सहज विचारत असतील."

किती भाबडी आहे ही.

१९ फेब्रुवारी, बुधवार

चिठ्ठ्यांचं लिहून ठेवतो, म्हणजे पुढे गोंधळ नको. बॅंडमध्ये कुठलाही निर्णय चिठ्ठ्यांनी व्हायचा. चिठ्ठी घरून लिहून आणायची आणि डाव्या हाताने लिहायची, म्हणजे अक्षरावरून कोणाची ते कळत नाही. नियम ढोल्याचा. मला तो जड गेला नाही, कारण मी डावखुराच. बाकीच्यांच्या चिठ्ठ्यांवर कोंबडी नाचून गेलेली असायची, वाचता यायची ती एकट्या माझी. त्याचा मला थोडा अभिमानही होता. आणि चिठ्ठ्यांच्या बाबतीत मी नशीबवान. बॅंडचं नाव, कव्हरवरची मोडकी खुर्ची, गाण्यांचा क्रम, पहिल्या फेरीत एकमत झालं नाही तरी दुसऱ्या फेरीत बहुतेक वेळा माझ्याच मनासारखं निघायचं.

या वेळी निघणार नाही. प्रत्येकाने काढून टाकायचं एक गाणं लिहायचं. तिघं माझंच लिहिणार हे उघड आहे. माझं मी वाचवू शकत नाही, पण गप्प बसून मारही खाणार नाही. मी 'परतीचं तिकीट' लिहिलं.

त्यात राग काही नाही. ते गाणं आठ मिनिटं दहा सेकंदांचं आहे. राजेचा मोठा भाऊ घर सोडून गेला तो आलाच नाही, त्याच्यावरचं. गाण्यात तो आधी बोटीने परत येतो, मग आगगाडीने, आणि शेवटच्या दोन मिनिटांत पायी. तेवढ्यात दुसरी दोन गाणी मावतात. प्रश्न निव्वळ वेळेचा आहे.

चिठ्ठी पाकिटात ठेवली. अक्षर छान आलंय.

२३ फेब्रुवारी, रविवार

रक्तदाब मोजला नाही.

ढोल्याच्या कारखान्यात जमलो. चहूकडे लाकडाचा भुसा, ओळीने उभी अर्धवट कपाटं, खण आहेत पण मुठी नाहीत. मधल्या जागेत त्याने ड्रम मांडलेले. बाईची गिटार तीच, बिल्ला निघालेली. राजे वेळेवर आला होता. तीस वर्षांत पहिल्यांदा. तेव्हाच मला काहीतरी कळायला हवं होतं.

खिळ्यांचा रिकामा डबा करवतीच्या टेबलावर ठेवला होता. ढोल्या म्हणाला, "आधी चिठ्ठ्या टाका. मग वाजवू, मग उघडू. वाजवल्यावर माणूस हळवा होतो, त्याचं मत धरायचं नसतं."

चौघांनी टाकल्या.

"काय वाजवायचं?" मी विचारलं.

"'जिन्यावरचा दिवा'," राजे म्हणाला.

"का?"

"का काय का? आठ दिवस तुला फोन करून करून थकलो."

ढोल्याने एक फळी पुढे ओढली. त्यावर बटण बसवलेलं होतं. तेच, जिन्यावरचं, मिनिटाचं. कुठल्याशा पाडलेल्या इमारतीच्या भंगारातून त्याने शोधून आणलं होतं. "तुझ्या टिकटिकेशी जुळतंय का बघ. तू तर आठवत नाही म्हणालास." त्याने बटण दाबलं. टिकटिक सुरू झाली. बाईने गिटार लावली. राजेने डोळे मिटले.

एक मिनिटाचा उजेड देतं हे बटण,
त्यात मावेल एवढंच बोल.

मी वाजवायला लागलो. बोटं इतकी वर्षं जिथे थांबली होती तिथूनच निघाली. दुसऱ्या कडव्याशी राजे थांबला आणि माझ्याकडे बघत राहिला, आणि मी गात होतो. मी. माझा आवाज म्हणजे कपाटाचं न घासलेलं दार, पण गात होतो. शेवटचा सूर धरला तेव्हा बाई ओरडली, "हां! हाच! मी तीस वर्षं हा चुकीचा समजत होते!"

आणि पूर्ण वेळ तो डबा माझ्यापासून चार फुटांवर. बास वाजवणाऱ्याचे दोन्ही हात अडकलेले असतात. नाहीतर मी डब्यात हात घातला असता.

बाईने चिठ्ठ्या उघडल्या, घाण अक्षराची तिला सवय आहे. पहिली, 'वाळूचं घड्याळ'. हे ढोल्याचं गाणं. दुसरी, 'नळाखालचा समुद्र'. हे तिचं स्वतःचं. तिसरी, कोंबडी नाचलेली, 'परतीचं तिकीट'. चौथी तिने उघडली, पाहिली, आणि परत घडी घातली.

"वाच ना," राजे म्हणाला.

"'परतीचं तिकीट'," बाई म्हणाली.

कोणी माझ्याकडे पाहिलं नाही. न बघण्याचीसुद्धा किती मेहनत करावी लागते ते आज कळलं.

"दोघांनी एकच लिहिलेलं दिसतंय," मी म्हटलं. "कोणीतरी."

"अरे," बाई म्हणाली, अगदी हळू, ढ मुलाशी बोलतात तसं, "तू डावखुरा आहेस."

"मग?"

"मग काय मग! तीस वर्षं तुझी चिठ्ठी आम्हाला कळते."

ढोल्याला हसू आवरेना. "शिळा सूर्य! कसलं भिकार नाव! मला ते कधीच आवडलं नव्हतं. पण पहिल्या फेरीत तुझी चिठ्ठी दिसली, एवढी सुंदर लिहिलेली. म्हटलं, याला इतकं हवंय तर होऊन जाऊ दे. दुसऱ्या फेरीला आम्ही तिघांनी तेच लिहिलं."

"खुर्चीसुद्धा?"

"खुर्चीसुद्धा."

मग राजे बोलला. तिघांनी आधीच ठरवलं होतं, आपापलं एकेक काढायचं. "तुझं एकच आहे. ते कसं काढणार? तू काय लिहिशील ते तुझं तू, त्यात आम्ही पडलो नाही." मग म्हणाला, "आणि ते आठ मिनिटांचं आहे, हे खरंच रे. शेवटी शेवटी मलाही दम लागायचा."

शिवी दिली असती तर बरं झालं असतं. मी म्हटलं, "हो ना. प्रश्न वेळेचाच होता."

हे मी बोललो. इथे खोटं लिहून उपयोग नाही.

चिठ्ठ्यांतून तीनच गाणी निघाली, चौथं राहिलं. राजे म्हणाला, कंपनीला सांगू, सतरा घ्या. ढोल्याने भुसा झाडून सगळ्यांना चहा दिला. माझा मी उभ्यानेच प्यायलो.

२५ फेब्रुवारी, मंगळवार

कंपनीच्या मुलीला फोन केला.

"सर, गुड न्यूज! साहेब सतराला तयार आहेत."

"सोळाच करा. 'जिन्यावरचा दिवा' काढा."

"पण सर, बाकीच्या तिघांनी वेगवेगळे फोन करून बजावलंय की तेवढं एक काढायचं नाही."

"चार बाजू आहेत, प्रत्येक बाजूला चार गाणी. मोजायला बरं, दिसायला बरं. सगळ्यांचं एकेक गेलंय."

"मग तुमचं नाव कुठल्याच गाण्याखाली येणार नाही."

"मागे येतंय ना? बास म्हणून?"

"ते येईल. पण अगदी बारीक अक्षरात."

"बारीक अक्षर हाच माझा धंदा आहे," मी म्हटलं आणि फोन ठेवला.

खरं तर गाणं थोडं संथच आहे. आणि कव्हरवर सतरा हा आकडा विचित्र दिसला असता. बाकी काही कारण नाही.

रात्री जेवताना बायकोने विचारलं, "मग चौथं कुठलं गेलं?"

"होतं एक साधंसं."

तिने घास तसाच हातात धरला. "साधंसं," ती म्हणाली. नंतर बराच वेळ भांड्यांचा आवाज जरा जास्तच येत होता.

२८ फेब्रुवारी, शुक्रवार

राजेचा फोन. "गाढव आहेस," म्हणाला. मी काही बोलायच्या आत परत, "गाढव आहेस." मग म्हणाला, कंपनीची पोरगी ऐकत नाही, तुझी सही हवी म्हणते, चल, आत्ता जाऊन सही कर. मी नाही म्हटलं. तिसऱ्यांदा गाढव म्हणाला. मग दोघांनी पाऊण तास त्या कॉलेजातल्या अंधाराबद्दल बोलून घेतलं. त्याला वाटत होतं सातशे पोरं होती. मी सहाशेवर ठाम राहिलो.

१२८/८२. महिन्यातला सगळ्यात चांगला आकडा. डॉक्टरांना गोळीचा गुण वाटेल.

२० जून, शुक्रवार

मधले महिने लिहिण्यासारखं काही नव्हतं. आकडे लिहिले आहेत.

आज संग्रह आला. वजनदार आहे. कव्हरवर आम्ही चौघं चार दिशांना बघतोय. तेव्हा कॅमेऱ्याकडे बघणं म्हणजे विकलं जाणं होतं. राजे आकाशाकडे, बाई भिंतीकडे, ढोल्या बुटांकडे. मी दाराच्या चौकटीत अर्धा. फोटो काढणाऱ्याने "अरे ए, आत ये" म्हटलेलं आठवतं. आत येईपर्यंत त्याने काढला होता.

सुई लावली. पहिली खरखर ऐकली आणि त्या गाद्यांच्या कापसाचा वास आला. चारही बाजू ऐकल्या. लोक म्हणतात तसं आम्ही काही भारी नव्हतो, पण काय घाईत होतो! प्रत्येक गाणं असं वाजवलंय की उद्यापासून गाण्यांवर बंदी येणार आहे. चौथी बाजू संपल्यावर तबकडी तशीच फिरत राहिली. मी थोडा वेळ सुई उचलली नाही.

लेकीने संग्रह काउंटरवर, आरशाला टेकून उभा केलाय. "जाहिरात," म्हणाली. कशाची ते सांगितलं नाही.

२३ जून, सोमवार

हे सविस्तर लिहितो.

सकाळी अकराच्या सुमारास एक बाई आल्या. पन्नाशीच्या, हातात ऑफिसची बॅग. चाळिशी करायची म्हणाल्या, बरीच वर्षं टाळली, आता औषधाची बाटली वाचता येत नाही. मी त्यांना खुर्चीवर बसवलं तेवढ्यात त्यांची नजर आरशाकडे गेली.

"अय्या! शिळा सूर्य!" त्यांनी संग्रह उचलला, उलटा केला आणि हात पूर्ण लांब केला. मग आणखी लांब करायचा प्रयत्न केला. "काही दिसत नाही बघा. कुठली कुठली गाणी आहेत, वाचता का जरा?"

मी वाचली. सोळाच्या सोळा. प्रत्येक नावाला त्या मान हलवत होत्या, काहींना हसत होत्या. शेवटचं वाचून मी संग्रह खाली ठेवला.

"आणि?"

"संपली."

"असं कसं? जिन्यावरच्या दिव्याचं नाही?"

मी उगाचच फुटपट्टी पुसायला घेतली. "नाहीये खरं."

"कोणी काढलं ते?"

"चिठ्ठ्या-बिठ्ठ्या टाकल्या असतील."

"कोणीतरी जळकुकड्याने काढलं असणार," त्या म्हणाल्या. "मी सांगते तुम्हाला, बॅंडमध्ये असा एक असतोच."

"असेल."

"बाकीची गाणी आमच्या ग्रुपमध्ये सगळ्यांना आवडायची. ते एक माझं एकटीचं होतं. कॅसेट इतकी वाजवली की ती टिकटिक फक्त उरली, शब्द गेले. तरी लावायचे. शब्द मला येतच होते." आणि दुकानात, मी मापं घेत असताना, त्यांनी दुसरं कडवं म्हटलं. अख्खं. बेसूर. "राजेनेच लिहिलं असणार, नाही? असं लिहायला आतून काहीतरी लागतं."

बुबुळांमधलं अंतर मोजायला आम्ही गिऱ्हाइकाच्या समोर बसतो, चेहऱ्यासमोर चेहरा, आणि सांगतो माझ्या नाकाकडे बघा. त्या माझ्या नाकाकडे बघत होत्या.

"नाही हो," मागून आवाज आला. बायको. हातात कोणाचं तरी भिंग, कड बघत उजेडाकडे धरलेलं. "ते यांचं आहे. शब्द, चाल, सगळं. आणि दिवा आमच्या बिल्डिंगमधला. टेपरेकॉर्डर पिशवीत लपवून आणला होता. पिशवीतून लाल दिवा चमकत होता, तरी यांना वाटलं मला दिसत नाही."

त्या बाईंनी माझ्या नाकावरून नजर काढून माझ्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मापं सगळी चुकली, परत घ्यावी लागली. निघताना म्हणाल्या, शुक्रवारी चष्मा घ्यायला येईन तेव्हा परत नीट बघेन. आणि दारातून, "कोणी काढलं ते शोधा तुम्ही. सोडू नका त्याला."

त्या गेल्यावर मी बायकोला विचारलं, "तुला कधीपासून माहीत होतं?"

"पहिल्या दिवसापासून. त्या जिन्यावर आपल्याशिवाय उभं कोण राहायचं?"

"मग बोलली का नाहीस?"

"म्हटलं, तू सांगशील. वाट बघत होते." तिने भिंग पुसून खाली ठेवलं. "मग सवय झाली वाट बघायची. आणि तू ते काढूनच टाकलंस. साधंसं म्हणालास."

दुकान उघडं होतं. बाकावर दोन गिऱ्हाइकं बसली होती, एकाच्या डोळ्यांत औषध घातलेलं, दुसरा वर्तमानपत्राच्या आडून ऐकत होता. मी स्टूल ओढून तिच्यासमोर बसलो आणि तिथेच सांगितलं. सगळं सांगितलं, चिठ्ठीसकट.